पाठीवरून आलेला

१

टेकडीवरच्या कैद्यांच्या कबरी घासायची पाळी महिन्यातून एकदा येते, आणि ती कुणी चुकवत नाही. हा शिरस्ता कुणी घातला, कधी घातला, हे गल्लीतल्या बायका विचारत बसत नाहीत. सुमिएच्या सासूबाई घासायच्या, त्यांच्याही सासूबाई घासायच्या. शंभराहून जास्त वर्षांपूर्वीच्या लढाईत पकडून आणलेले रशियन शिपाई, कुणी जखमांनी, कुणी तापाने इथे गेले आणि इथेच राहिले. त्यांचे दगड ठेंगणे, चौकोनी. सगळ्यांची तोंडं उत्तरेला, त्यांच्या देशाकडे. दगडांवर नावं कोरलेली आहेत, पण ती वाचणारं गावात कुणी नाही. म्हणून बायकांनीच आपली नावं ठेवून दिलीत. झाडाखालचा. फुटका. दोघे भाऊ. कोपऱ्यातला.

त्या दिवशी ओबोनचा पहिला दिवस होता. पितर घरी यायचा दिवस. सकाळीच बायका बादल्या आणि ब्रश घेऊन वर आल्या होत्या.

"बघ ना, पितर आज यायचे आणि आपण आधी परक्यांचे दगड घासतोय," कात्सुयो म्हणाली. तिचं खाली बंदराजवळ मासळीचं दुकान आहे, आणि आवाजही दुकानातलाच. "आमचे हे तिकडे आपल्या दगडाशी बसून मला शिव्या घालत असतील. जिवंतपणी वाट बघायची सवय नव्हती, आता कुठून येणार?"

बायका हसल्या. सुमिए कोपऱ्यातल्याच्या पाठीवरचं शेवाळ काढत होती. ती हसली नाही.

"सासूबाई कशा आहेत गं?" कात्सुयोने आवाज खाली आणून विचारलं.

"पेजसुद्धा घेत नाहीत. चमचा पुढे केला की तोंड फिरवतात. म्हणतात, तेरुओ येऊ दे, मग जेवते."

कात्सुयोने ब्रश बादलीत बुडवला. तेरुओ म्हणजे सुमिएचा नवरा. गेल्या पानगळीत एका सकाळी मासेमारीला गेला. होडी परत आली, तो आला नाही. समुद्राने काहीच परत दिलं नाही, म्हणून घराण्याच्या दगडाखाली अस्थींच्या जागी त्याची टोपी ठेवावी लागली. त्यानंतर सासूबाईंनी, हात्सुनोबाईंनी, अंथरूण धरलं. नव्वदी उलटलेली, डोळ्यांनी फक्त उजेड-अंधार कळतो, पाय तर केव्हाच गेलेले. डॉक्टर म्हणाले होते, मागतील ते द्या. डॉक्टर असं कधी म्हणतात हे सगळ्यांना ठाऊक असतं.

सासूबाईंनी एकच गोष्ट मागितली होती. "या ओबोनला माझ्या पोराला घेऊन ये. नीट घेऊन ये. मग मी जायला मोकळी."

सुमिएने शब्द दिला होता. या बाईने तिला आयुष्यात कधी खाली मान घालायला लावली नव्हती. मूल झालं नाही तेव्हा गावाने काय काय ऐकवलं, पण सासूबाई एकदाही बोलल्या नाहीत. उलट बोलणाऱ्यांच्या दारात जाऊन भांडून आल्या. हे सुमिए विसरली नव्हती आणि विसरणार नव्हती.

२

या गावात पितरांना नुसतं बोलावत नाहीत, पाठीवर बसवून आणतात. दिवस कलला की कंदील घेऊन वर जायचं, दगडाला पाणी घालायचं, उदबत्ती लावायची, मग दगडाकडे पाठ करून वाकायचं. एक हात मागे घ्यायचा, लहान पोराला सावरतो तसा. आणि म्हणायचं, बसा, घरी जाऊ. तो मागचा हात घर येईपर्यंत सोडायचा नाही.

सुमिएने तेहतीस वर्षं पोस्टाच्या खिडकीमागे काढली होती. पार्सल हातात घेतलं की तिला वजन कळायचं, काटा नंतर तेच सांगायचा. सासऱ्यांना ती दरवर्षी पाठीवर आणायची, पण पाठीला कधी काही जाणवलं नव्हतं, आणि जाणवावं अशी तिची अपेक्षाही नव्हती. रीत असते, आपण ती पाळतो, मनाला बरं वाटतं. सुमिएचा हिशेब एवढाच होता.

या वर्षी दीर दुपारीच येऊन सासऱ्यांना स्वतःच्या गावी घेऊन गेला होता. सुमिएला फक्त एकालाच आणायचं होतं. तिने टोपीवरच्या दगडाला पाणी घातलं, वाकली, म्हणाली, "अहो, बसा. आई वाट बघताहेत." मग डोळे पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून तशीच चालू लागली.

उतरायची जवळची वाट कैद्यांच्या कबरींमधून जाते. कोपऱ्यावर ती थबकली. कोपऱ्यातल्याची फुलांची नळी आडवी पडली होती, पाणी सांडलेलं, सकाळी खोचलेली पांढरी फुलं मातीत. मांजराचं काम असावं. पुढे जाता आलं असतं. पण सकाळी स्वतःच्या हाताने लावलेली फुलं अशी टाकून जाणं तिच्या स्वभावात बसेना. तिने कंदील खाली ठेवला, दोन्ही हातांनी नळी उभी केली, माती दाबली, फुलं पुन्हा खोचली.

दोन्ही हातांनी.

तिच्या ते लक्षात आलं. वाटेतच उतरवलं की आपण त्यांना! आता परत वर जायचं? उजेड संपत आला होता, घरी सासूबाई एकट्या. तिने घाईघाईने हात मागे घेतला, होती तिथेच वाकली आणि म्हणाली, "चुकले. बसा परत. चला घरी, जेवण तयार आहे."

आणि पाठीवर वजन आलं.

सुमिएच्या तोंडून "आई गं" निघालं. ती पडलीच असती. आधी तिला नुसता आनंद झाला, खराखुरा, डोळ्यांत पाणी आणणारा. आलात, खरंच आलात. मग तिने कंदील उचलला, एक पाऊल टाकलं, आणि पोस्टातल्या त्या सवयीने मनातल्या मनात काटा पाहिला. तेरुओ अंगाने सुकटीसारखा होता. आजारपणात तिने त्याला उचललेलं होतं. हे ओझं तेरुओचं नव्हतं.

वळून बघायचं नसतं, म्हणून तिने बघितलं नाही. पण आपण कुठल्या दगडाकडे पाठ करून वाकलो होतो, हे कळायला वळायची गरज नव्हती.

३

सकाळपासून दगड घासलेत, गुडघे दुखताहेत, वय झालंय. उतारावर ती हेच घोकत राहिली. दारात पांढरा कंदील टांगला होता, गेलेल्या माणसाचं पहिलं वर्ष म्हणून. ओसरीवर येऊन ती टेकली आणि हळू आवाजात म्हणाली, "पोचलो. उतरा." पाठ एकदम हलकी झाली, इतकी की ती पुढे झुकली.

दारात तिने तेरुओच्या लाकडी चपला मांडून ठेवल्या होत्या. त्या हलल्या नाहीत. मात्र आतल्या खोलीच्या दारावर, चौकटीच्या वरच्या पट्टीवर, ठक असा आवाज झाला.

घर जुनं, चौकटी बुटक्या. तेरुओ त्यांच्याखालून ताठ मानेने जायचा आणि तरी वर चार बोटं जागा उरायची. पट्टीवर डोकं आपटणारं माणूस या घरात कधी राहिलंच नव्हतं. उन्हाने तापलेलं लाकूड संध्याकाळी वाजतं, सुमिएने स्वतःला सांगितलं. वाजतंच.

"आला?" आतून सासूबाईंनी विचारलं.

सुमिएने दाराच्या पट्टीकडे पाहिलं. "आला, आई."

"डोकं आपटलं का रे? थांब, बस. बस इथे." सासूबाईंचा हात अंथरुणावरून चाचपत पुढे गेला आणि हवेत एका जागी थांबला, कशावर तरी टेकल्यासारखा. बोटं तिथेच हळूहळू फिरली. मग म्हणाल्या, "सुमिए, पेज आण. त्यालाही वाढ. दमून आलाय."

सुमिएने पितरांच्या देव्हाऱ्यापुढे पान मांडलं : भात, गार पाण्यातल्या शेवया, वांगं. आणि सासूबाईंना पेज भरवली. एक चमचा. दुसरा. वाटी संपली. कित्येक दिवसांनी संपली. स्वयंपाकघरात वाटी धुताना सुमिए रडली, नळ सोडून, आवाज जाऊ नये म्हणून. कुणाला आणलं याची भीती होती आणि सासूबाई जेवल्या याचा आनंद होता, आणि कुठल्यासाठी रडतोय हे तिचं तिलाच कळत नव्हतं.

४

सकाळी चटईवर तांबड्या मातीचा डाग होता. टाचेचा. मोठ्या टाचेचा, आणि बुटाच्या. गावातली माती काळी. तांबडी फक्त टेकडीवर.

माझ्याच चपलांना लागून आली असेल, असं म्हणत सुमिएने ती पुसली. तिच्या चपला बाहेर होत्या हे तिने स्वतःला आठवू दिलं नाही.

"बूट बाहेर काढायचे," सासूबाई अंथरुणावरून म्हणाल्या.

"कुणाला म्हणता, आई?"

"तुला नाही गं."

त्यानंतर माती दिसली नाही.

चहा झाला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "त्याच्या कपात साखर घाल."

हिरव्या चहात कुणी साखर घालत नाही. तेरुओ तर गोडाचा वैरी होता, लग्नात मिळालेली मिठाईसुद्धा त्याने वाटून टाकली होती. सुमिए कप हातात धरून उभी राहिली.

"घाल म्हणते ना. मुरंबा असेल तर तोही घाल. पाहुण्याला काय आवडतं ते बघावं माणसाने."

"पाहुणा कसला, आई? आपलाच आहे ना?"

"घरी आलेला पाहुणाच असतो," सासूबाई म्हणाल्या आणि गालातल्या गालात हसल्या. त्यांना असं हसताना बघून वर्ष होत आलं होतं. सुमिएने संत्र्याचा मुरंबा घातला.

दिवसभर घर वाजत राहिलं. स्वयंपाकघराच्या दारावर ठक. न्हाणीघराच्या दारावर ठक. पण सुमिएच्या लक्षात आलं की ज्या दारावर एकदा वाजलं तिथे पुढच्या वेळी हळू वाजतं आणि तिसऱ्या वेळी नुसतं घासल्यासारखं. लाकूड असं शिकत नाही.

५

दुसऱ्या दिवशी दुपारी कात्सुयो कलिंगड घेऊन आली. देव्हाऱ्यापुढे हात जोडले, उदबत्ती लावली, पंख्यापुढे पाय पसरले.

"सासूबाई जेवल्या म्हणे! सगळ्या गल्लीत झालंय. तेरुओ-सान आले म्हणायचे."

आत सासूबाई कुणाशी तरी बोलत होत्या. कुजबुज नव्हे, चांगलं मोकळं बोलणं, शिकवतात तसं. "वाक. अजून वाक. हां, असं. घाई करायची नाही."

"काय चाललंय त्यांचं?" कात्सुयोने विचारलं.

"चौकट लागते म्हणून..." सुमिए बोलून गेली आणि जीभ चावली.

"कुणाला लागते?"

मग नाइलाज झाला. सुमिएने सगळं सांगितलं : फुलांची नळी, सुटलेला हात, वजन, माती, मुरंबा. कात्सुयोच्या हातातली कलिंगडाची फोड तशीच राहिली. ती चेष्टा करेल, वेड्यात काढेल, असं सुमिएला वाटलं होतं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

"आजच पोचवून ये त्याला," कात्सुयो म्हणाली. "सोळा तारखेची, पोचवायच्या दिवसाची वाट बघू नकोस. माझी आत्या सांगायची, ज्याला कुणी नसतं असा चुकून घरात आला, तर एकटा परत जात नाही."

"सासूबाई जेवताहेत गं. त्याच्यामुळे."

"म्हणूनच म्हणते."

आत सासूबाई खळखळून हसल्या. दोघी ऐकत राहिल्या. त्या हसण्यात मध्ये मध्ये एक खंड पडत होता, समोरचा माणूस काहीतरी सांगत असावा एवढा.

६

कात्सुयोला सासूबाईंजवळ बसवून सुमिए भर उन्हात टेकडीवर गेली. झाडांवर किडे कर्कश किरकिरत होते. एकेका दगडाला तिने पाणी घातलं. झाडाखालचा गार, फुटका गार, दोघे भाऊ गार. पाणी मुरायचं, दगड काळा व्हायचा, त्यावर हात ठेवला की आत कुणी आहे असं नेहमीसारखं वाटायचं. इतकी वर्षं हे वाटणं तिच्या लक्षातही आलं नव्हतं, कारण ते कधी चुकलं नव्हतं.

कोपऱ्यातल्याला पाणी घातलं आणि ते ओघळून गेलं. दगड तापलेला होता. हात ठेवला तर नुसता दगड. कुलूप लावून सगळी मंडळी बाहेर गेलेल्या घरासारखा.

ती मागे सरली. आणि तिला वास आला. तेरुओच्या तंबाखूचा, ओल्या दोरखंडाचा, माशांचा. जिथे तिने कंदील खाली ठेवला होता, तिथे. आसपास माणूस नव्हतं.

"अहो," ती म्हणाली. "मी तुम्हाला इथेच टाकून गेले. परक्यांत."

वास हलला. दोघा भावांच्या दगडांकडे गेला, झाडाखालच्याकडे गेला, परत आला. तेरुओ गप्पिष्ट होता. बंदरावर परदेशी होडी लागली की भाषा येवो न येवो, हा खलाशांत जाऊन बसायचा आणि रात्रीच्या जेवणाला चार माणसं जास्त घेऊन यायचा. सुमिएला इतक्या दुःखातही हसू आलं. याला इथे कंटाळा येणार नाही. पण घरी आई वाट बघताहेत.

"चला ना," ती म्हणाली आणि वाकली. पाठ हलकीच राहिली. घरी एक पाहुणा असताना दुसऱ्याला नेता येत नसावं. की तो तिला सांगत होता, की मी इथेच थांबतो? किती वेळ ती वाकलेली राहिली, तिला कळलं नाही. शेवटी उठली आणि खाली आली. ठरवूनच आली : आज संध्याकाळी त्याला परत न्यायचं.

७

"आई, मला तुम्हाला काही सांगायचंय," ती अंथरुणाशी बसून म्हणाली. "माझ्या हातून चूक झाली. मी ज्यांना आणलं ते..."

"कोपऱ्यातला आहे," सासूबाई म्हणाल्या.

सुमिएने मान वर केली.

"माझ्या पोराची पावलं मला कळत नाहीत होय? चौकटीला डोकं लागलं तेव्हाच कळलं. पट्टी मोडली नाही हे नशीब."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? जा परत म्हणायचं? पन्नास वर्षं मी त्याला आंघोळ घातली. नाव वाचता येत नाही, तोंड पाहिलेलं नाही. एकदा दारात आला तर जेवू घालायचं नाही?" सासूबाईंना धाप लागली. सुमिएने पाणी पाजलं. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "माझा भाऊ नंतरच्या लढाईत त्यांच्या मुलखात बर्फात मेला. कैदेत. बावीस वर्षांचा पोरगा. त्याला तिकडे कुणी पाणी घालतं की नाही, मला माहीत नाही. घालत असेल कुणी बाई, असं धरून मी इथे घातलं. काल याला विचारलं."

"काय म्हणाला?"

"त्याला तरी काय माहीत? इथेच तर आहे बिचारा इतकी वर्षं." त्या हसल्या. "पण रडला. बराच रडला. मोठं माणूस रडतं ना, सगळी चटई हलते."

खोलीत उजेड होता, पंखा फिरत होता, सासूबाईंच्या उशाला कुणी नव्हतं. पण तिथली चटई दबलेली होती. चांगली खोलगट दबलेली.

"आई, मी आजच त्यांना पोचवून येते. कात्सुयो म्हणत होती की असे एकटे..."

"जेवत्या माणसाला पानावरून उठवतात का? ठरल्या दिवशी जाईल." मग त्यांनी सुमिएचा हात धरला, आणि त्या पकडीत अजून जोर होता. "तेरुओ वर आहे ना? भेटला तुला?"

"आहे. मजेत आहे."

"वाटलंच. ये म्हटलं तर यायचा नाही, गप्पा रंगल्या की." त्यांनी डोळे मिटले. "मग मलाच जायला हवं. पाय असते तर कधीच गेले असते. तू फार केलंस गं माझं, सुमिए. पोटच्या पोरीने केलं नसतं."

"असं नका बोलू."

"का नको? बोलायचं राहिलं तर कधी बोलणार?"

सुमिएने तो हात कपाळाला लावला. त्या संध्याकाळी तिने कुणाला परत नेलं नाही. पान वाढलं, चहात मुरंबा घातला, आणि सासूबाईंनी दोन वाट्या पेज घेतली.

८

पोचवायच्या दिवशी संध्याकाळी तिने दारात मातीच्या थाळीत वाळक्या काड्या पेटवल्या. धूर सरळ वर गेला. सासूबाईंनी दुपारीच सांगून केस विंचरून घेतले होते, स्वच्छ किमोनो नेसून घेतला होता, पांढरे मोजे घालून घेतले होते. पाहुण्याला निरोप द्यायचाय, म्हणाल्या. आणि थकून पडून राहिल्या होत्या.

ओसरीवर कंदील लावून सुमिएने घराकडे पाठ केली. वाकली. हात मागे घेतला.

"चला," ती म्हणाली. "आमच्याकडून काही कमी-जास्त झालं असेल तर सांभाळून घ्या. तुमच्यामुळे आई जेवल्या. तुमचे फार उपकार झाले."

हे तिने ठरवलेलं नव्हतं, पण म्हणताना ते खरं होतं. भीती होतीच, तरी त्या भीतीपेक्षा हे मोठं होतं. ती वाट बघत राहिली.

वजन आलं नाही.

काड्या जळून गेल्या. सुमिए तशीच वाकलेली. आत चटई करकरली, जड माणूस गुडघ्यांवर बसतं तशी. मग सासूबाईंचा आवाज, हळू पण स्पष्ट : "हां. असंच. हात मागे घे." मग काहीतरी हलकं उचलल्याची सळसळ.

वळून बघायचं नसतं. सुमिएने वळून बघितलं.

आतल्या खोलीचं दार पुरतं उघडं होतं. त्यात एक पाठ होती, रुंद, मातकट कोटातली, खाली, खूप खाली वाकलेली. दोन्ही हात मागे. त्या हातांवर पांढऱ्या मोज्यांतली दोन लहान पावलं लोंबत होती, जत्रेतून घरी नेलेल्या मुलीसारखी. चेहरा तिला दिसला नाही, कुणाचाच नाही. ती पाठ चौकटीखालून निघाली. आणखी वाकली. पाठीवरच्या माणसाचं डोकं लागू नये म्हणून एका अंगाला कलली.

या वेळी पट्टीवर ठक झालं नाही.

सुमिएच्या कंदिलाची ज्योत तिच्या शेजारून जाणाऱ्या वाऱ्याने आडवी झाली आणि पुन्हा सरळ झाली. फाटक वाजलं. टेकडीच्या वाटेवरचे किडे एकेका टप्प्यावर गप्प होत गेले, खालून वरपर्यंत.

ती आत गेली तेव्हा सासूबाई अंथरुणावर होत्या. अंग अजून ऊन होतं. चेहरा एका अंगाला वळलेला, गाल कशावर तरी टेकवल्यासारखा, आणि दोन्ही हात छातीच्या वर कड्यासारखे गुंफलेले, कुणाच्या गळ्यात घातल्यासारखे. ते हात खाली घ्यायला सुमिएला आणि कात्सुयोला बराच वेळ लागला. सुमिएला खरं तर ते घ्यायचेच नव्हते.

९

सासूबाईंच्या अस्थी टोपीशेजारी ठेवून झाल्यावर सुमिए जवळच्या वाटेने उतरली. कोपऱ्यातल्याला पाणी घातलं. दगडाने ते पिऊन घेतलं. हात ठेवला, गार. तंबाखूचा वास आता तिथे नव्हता, वर घराण्याच्या दगडापाशी होता, आणि त्यात चंदनाच्या तेलाचा वास मिसळला होता, सासूबाई केसांना लावायच्या त्याचा. सुमिए कोपऱ्यातल्याच्या दगडापुढे गुडघे टेकून बसली आणि कमरेत पूर्ण वाकून नमस्कार केला. बराच वेळ केला. मग थर्मासमधला चहा ओतला. मुरंबा घातलेला.

"चहात काय घालतेस हे?" पुढच्या पाळीला कात्सुयोने विचारलं.

"त्याला लागतं," सुमिए म्हणाली. पुढच्या महिन्यात कात्सुयोने स्वतःच मुरंब्याची बरणी आणली.

थंडीत सुतार आला. त्याने आतल्या खोलीच्या चौकटीखाली उभं राहून हात वर केला, मग सुमिएकडे पाहिलं. ती त्याच्या खांद्यालाही लागत नव्हती.

"बाई, घरात तुम्ही एकट्या. पट्टी कशाला उचलायची? चांगली दणकट आहे."

"ओबोनला पाहुणे येतात," सुमिए म्हणाली. "उंच आहेत. चांगली हातभर उचला."